ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायचं का? भांडणाची थोडी पार्श्वभूमी

"सध्या काय वाचताय?" असं विचारलं की पूर्वी उत्तर सरळ यायचं, पुस्तकाचं नाव आणि फार तर "अजून अर्धंच झालंय". हल्ली त्याला एक शेपूट लागतं. "अमुक वाचतोय, म्हणजे ऐकतोय खरं तर." आणि मग त्या 'म्हणजे' वरून पुढे पन्नास जणांची जुंपते. एक गट म्हणतो ऐकणं म्हणजे वाचणं नाहीच, दुसरा म्हणतो पुस्तक पोचल्याशी मतलब, आणि तिसरा कुणीतरी येऊन सांगतो की आमच्या लहानपणी आम्ही खरंखुरं वाचायचो. हे भांडण ऑडिओबुकांमुळे सुरू झालं असं बहुतेकांना वाटतं पण त्याची मुळं बरीच मागे आहेत, म्हणून हे टिपण. दिवाळी अंक, कपाटं भरून पुस्तकं असलेले आजोबा, उन्हाळ्याच्या सुट्टीतलं वाचनालय हे सगळं सगळ्यांना माहीत आहे ते परत सांगत नाही.

आधी शब्दच बघू कारण गोंधळ तिथेच आहे. 'वाचणे' हे संस्कृत 'वाचयति' वरून आलं आणि ते 'वच्' म्हणजे बोलणे या धातूचं प्रयोजक रूप, थोडक्यात 'बोलायला लावणे'. वाचा, वाचाळ, प्रवचन सगळं एकाच घरातलं. म्हणजे लिहिलेल्याला तोंड फोडणं हे वाचन. डोळ्यांचा यात कुठे उल्लेखच नाही! गप्प बसून मनात वाचायचं असेल तर मराठीला वेगळं विशेषण लावावं लागलं, मूकवाचन. ज्यांनी डीएड-बीएड केलंय त्यांना पाठाच्या टाचणातला क्रम आठवेल, शिक्षकांचं आदर्श वाचन, मग मुलांचं प्रकट वाचन, मग मूकवाचन. आज ज्याला आपण नुसतं 'वाचन' म्हणतो तो या यादीतला एक उपप्रकार आहे.

आता ऐकणाऱ्यांच्या गटाने यावर लगेच टाळ्या वाजवू नयेत. कारण पोथीच्या काळात वाचणारा एक आणि ऐकणारं अख्खं घर, अख्खी आळी असायची हे खरं, पण ते ऐकणारे लोक 'आम्ही पोथी वाचली' असं म्हणत नव्हते, 'पोथी ऐकली' असंच म्हणायचे. चातुर्मासात देवळात पुराणिक वाचायचे, अर्थ सांगायचे, बायका वाती वळत ऐकायच्या आणि त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नसताना ओव्याच्या ओव्या पाठ असायच्या. क्रियापदं वेगळी होती हे मान्यच करायला हवं. फक्त एक गोष्ट होती, 'ऐकली' म्हणण्यात कमीपणा नव्हता. नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडला तर सुरुवातीलाच श्रोत्यांकडे अवधान मागितलंय, डोळे मागितले नाहीत. तेव्हा मला जो प्रश्न पडतो तो असा की ऐकणारा माणूस 'वाचलं' म्हणायला कधीपासून धडपडायला लागला, म्हणजे 'ऐकलं' हे कमी दर्जाचं कधी झालं.

छपाई आली म्हणून झालं असं एक सोपं उत्तर देतात. मला ते पटत नाही. मुंबईत १८४१ साली पहिलं छापील मराठी पंचांग निघालं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील कागद सोवळ्यात चालेल का यावर वाद झाला आणि छापणाऱ्याने म्हणे तुपातली शाई केली. १८४५ ला ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून आली. पण छापील झाली म्हणून ती कुणी लगेच मनात वाचायला लागलं नाही, पोथीसारख्या सुट्या पानांवर छापायचे आणि पोथीसारखीच मोठ्याने वाचायचे. वर्तमानपत्रांचंही तेच. १८८१ नंतर केसरी गावात एक यायचा, एकजण पारावर वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. खप हजारांत आणि ऐकणारे त्याच्या किती पट ते कुणी मोजलं नाही.

माझ्या मते फरक पडला तो वाचनालयांमुळे. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्यातलं १८४८ चं, ही पहिली वाचनालयं इंग्रज अधिकारी आणि त्यांच्याभोवतीची शिकलेली मंडळी यांच्या पुढाकारातून निघाली. लांब टेबल, खुर्च्या, आणि भिंतीवर 'शांतता राखा'. ठाण्यात १८९३ ला आणि मुंबईत १८९८ ला खास मराठी ग्रंथांसाठी संग्रहालयं निघाली, तीही याच धर्तीवर. ही पाटी मी लहानपणी इतक्या वेळा वाचलीये की पुस्तकांना बहुतेक आवाजाचा त्रास होत असावा असं मला वाटायचं. चेष्टा सोडा, पण जी गोष्ट घरात आणि देवळात आवाजाने चालायची ती सार्वजनिक जागेत गप्प झाली, आणि गप्प वाचणारा तो शिकलेला आणि ऐकणारा तो अडाणी अशी एक वाटणी हळूहळू पक्की झाली. साक्षरता आणि वाचन हे जवळजवळ एकच होऊन बसलं.

बडोद्याची गोष्ट थोडी वेगळी म्हणून सांगतो. तिथल्या मराठी राजाने १९०६ ला सक्तीचं मोफत शिक्षण केलं आणि १९१० ला थेट अमेरिकेतून एक ग्रंथपाल बोलावला, मग लाकडी पेट्यांत पुस्तकं घालून गावोगाव पाठवायची व्यवस्था केली. पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ ला ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यातून आपली ती अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं आणि त्यांचं अनुदान आलं. अनुदान म्हटलं की तपासणी आली, तपासणी म्हटलं की रजिस्टर आलं, किती पुस्तकं, किती वर्गणीदार, रोजची देवघेव किती. वाचन ही मोजायची गोष्ट झाली ती अशी. (पारायणं आधीपासून मोजली जात होतीच म्हणा, पण ती देवाच्या हिशोबात.)

मधल्या काळात ऐकायची सोय काही बंद नव्हती. आकाशवाणीवर पुस्तकांचं क्रमशः वाचन व्हायचं. कथाकथनाचे कार्यक्रम तर गर्दी खेचायचे, गणपतीच्या मांडवात, व्याख्यानमालेत, आणि नंतर त्याच्या कॅसेट निघाल्या. आमच्याकडे एक कॅसेट इतकी घासली गेली होती की लेखकाचा आवाज शेवटी पाण्याखालून आल्यासारखा यायचा. ती गोष्ट आम्हाला शब्दनशब्द पाठ होती पण ते पुस्तक आम्ही 'वाचलं' असं आमच्यापैकी कुणीच कधी म्हटलं नाही. म्हणजे बघा, तिथेही क्रियापद वेगळंच राहिलं.

ज्यांचं क्रियापद वेगळं नव्हतं असा एक गट होता आणि या वादात त्यांना कुणी विचारतच नाही, ते म्हणजे अंध वाचक. त्यांच्यासाठी कॅसेटवर 'बोलकी पुस्तकं' होती, परीक्षेच्या अभ्यासाला 'रीडर' म्हणून कुणीतरी येऊन वाचून दाखवायचं. ते लोक सरळ 'वाचलं' म्हणत आले आणि समोरच्यानेही ते कधी खोडून काढलं नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत अशा लोकांसाठी पुस्तकाचं वेगळं रूप बनवायला वेगळी परवानगी लागणार नाही असं आलं, आणि २०१४ ला या विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. कायदा इतका पुढे गेला आणि आपण अजून 'खरं वाचन' कुठलं यावर अडलोय.

हा वाद खरा पेटला तो गेल्या आठ-दहा वर्षांत. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. २०१७ च्या नोव्हेंबरात एक स्वीडिश कंपनी भारतात उतरली ती इंग्रजीबरोबर मराठी आणि हिंदी घेऊन, महिन्याची वर्गणी भरा आणि हवं तितकं ऐका. गंमत अशी की त्याच वर्षी मे महिन्यात पाचगणीजवळ भिलारला सरकारने पुस्तकांचं गाव केलं, २५ ठिकाणी मिळून साधारण १५ हजार पुस्तकं, लोकांच्या घरांत, ओसरीवर. एकाच वर्षात कागद आणि कान दोन्हीकडे जोर.

सरकारलाही व्याख्या करावी लागलीच. जीएसटीत छापील पुस्तकावर कर शून्य पण ई-पुस्तकावर १८ टक्के होता, तो २०१८ च्या जुलैत ५ टक्के केला, मात्र अट अशी की त्याची छापील आवृत्ती असली पाहिजे आणि ते कॉम्प्युटरवर किंवा हातातल्या उपकरणावर 'वाचता' आलं पाहिजे. वाचता! म्हणजे थेट ऑनलाइन निघालेली कादंबरी यात बसत नाही, आणि पुढच्याने फक्त ऐकायचं असेल तर काय यावर व्याख्या गप्प. इतक्या लेखकांनी इतकी वर्षं घातलेला वाद शेवटी कर विभागाच्या एका वाक्यात येऊन पडला याचं मला राहून राहून हसू येतं.

पण सगळ्यात मोठा हात आहे तो मोजणीचा. पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या एका अमेरिकन साइटने २०११ पासून वर्षाचं टार्गेट ठेवायची सोय दिली, या वर्षी ५२, या वर्षी १००. मग डिसेंबरात सगळे आपापली यादी टाकायला लागले आणि दीडपट वेगाने ऐकलेली पुस्तकं त्यात धरायची की नाही हा प्रश्न आला. मनापासून सांगायचं तर मला हे भांडण कान विरुद्ध डोळे असं वाटतच नाही, ते आकड्याचं आहे. ज्याने वर्षात आठ पुस्तकं बसून वाचली त्याला साठ ऐकणाऱ्याचा राग येतो, आणि तो राग 'हे वाचन नव्हे' अशा तात्त्विक रूपात बाहेर पडतो.

शिवाय वेळ कुणाकडे आहे हाही मुद्दा आहेच. बसून, दिवा लावून, कुणी हाक मारणार नाही असा एक तास ही चैन आहे आणि ती घरात सगळ्यांना सारखी मिळत नाही. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पुस्तक उघडता येतं, दाराशी लटकून नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात पिठात असतात, कान मोकळे असतात. वाती वळत पुराण ऐकणाऱ्या बायकांचंही गणित हेच होतं. 'वाचायला वेळ काढा' असा उपदेश करणाऱ्यांच्या पोळ्या साधारणपणे दुसरं कुणीतरी लाटत असतं असं माझं निरीक्षण आहे, ज्याला लागेल त्याला लागो.

२०२० ला मार्चपासून वाचनालयं बंद पडली ती राज्यात १५ ऑक्टोबरला उघडायची परवानगी मिळाली, म्हणजे नेमकी वाचन प्रेरणा दिनाला. हा दिवस २०१५ पासून पाळतात, शाळेच्या फळ्यावर रामदासांच्या नावची 'प्रसंगी अखंडित वाचीत जावे' ही ओळ दरवर्षी दिसते, आणि रामदासांच्या काळातलं ते 'वाचीत' बहुधा मोठ्याने होतं हे फळा लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसतं. त्या सात महिन्यांत कानाकडे गेलेले बरेच जण परत आले नाहीत. वाचनालयांनी जागेच्या अभ्यासिका केल्या, तिथे आता एमपीएससीची मुलं दिवसभर बसतात आणि घरचे फोनवर सांगतात, पोरगा वाचतोय. तेही वाचनच, यादीत धरत नाही कुणी.

उलट्या दिशेनेही काही घडलंय. २०२३ च्या सुरुवातीला बंगळूरच्या कबन पार्कात दर शनिवारी गप्प बसून वाचायचा प्रकार सुरू झाला, तो वर्षभरात मुंबई-पुण्यापर्यंत आला. चटई घेऊन या, पुस्तक घेऊन या, बोलू नका. पुण्यात डिसेंबरातल्या पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' असा उपक्रमही झाला. पुणेकरांना शांत बसवायला पुस्तक लागलं यावर बाकीच्या महाराष्ट्राने विनोद करून घेतले. वाचनालयातली ती जुनी पाटी बागेत आली एवढंच मी म्हणेन. आणि बडोद्याच्या पेट्यांची आठवण व्हावी अशी १०० पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाला देण्याची योजना नाशिकमधून २००९ ला निघाली ती दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोचली आहे. तिकडे एकजण वाचतो आणि मुलं ऐकतात, कारण मुलांना मराठी बोललेलं कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. त्या मुलांनी ते पुस्तक वाचलं की ऐकलं?

माझ्या मावशीला या वादाचा पत्ता नाही. ती सकाळी फोन ओट्यावर ठेवते, कणीक मळायला घेते आणि काय चाललंय विचारलं तर सांगते "कादंबरी लावलीये". वाचतेय नाही, ऐकतेय नाही, लावलीये. मला आधी वाटलं हे रेडिओवरून आलं असेल, गाणं लावलं तसं. मग आठवलं की आजोळी श्रावण आला की आजी शेजारणींना हेच सांगायची, यंदा आमच्याकडे पोथी लावलीये, या दुपारी.