जिभेला चव नाही, की नाकाला वास नाही?

गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईची मंडळी कोकणात गावी पोचली की घरातलं एखादं म्हातारं माणूस हमखास म्हणतं, हल्ली जेवणाला चवच लागत नाही. मग सुनेला वाटतं आपल्याला टोमणा मारला, कोणाला वाटतं वयामुळे किरकिर वाढली, आणि ते माणूस स्वतः ताटात मीठ ओढून घेतं, लोणचं घेतं, बीपीची गोळी चालू असताना खारा बांगडा मागतं. या तक्रारीत बऱ्याचदा जिभेचा काही संबंध नसतो, नाक गेलेलं असतं. आणि नाक गेलंय का हे घरात कोणी तपासतच नाही, चष्म्याचा नंबर काढायला आपण रत्नागिरीपर्यंत जातो पण नाकाचं नाव कोणी घेत नाही, म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी एक साधा प्रयोग करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि पिकलेल्या हापूसची फोड तोंडात घालून चावा. गोड लागेल, किंचित आंबट लागेल, बस. हापूस आहे की पायरी की पपई हे सांगता येणार नाही. आता चावता चावता नाक सोडा, एका क्षणात आंबा येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालंय, त्यात लॅक्टोन आणि फ्युरानोन नावाची हवेत उडणारी रसायनं महत्त्वाची आहेत असं दिसलं. ही रसायनं जिभेला कळत नाहीत. घास चावला की ती घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढतात, विशेषतः गिळून झाल्यावर श्वास सोडताना, आणि मेंदू तो वास तोंडात आहे असं समजून चवीच्या खात्यात टाकतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग असा मागच्या दाराने नाकात गेलेला वास असतो.

जिभेला काय कळतं मग? गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शाला येते तशी भरीव, रुचकर चव. जिभेवर जे बारीक उंचवटे दिसतात त्यांच्यात स्वादकळ्या असतात, एकेका कळीत साधारण ५० ते १०० पेशी, आणि त्या पेशी दहाएक दिवसांत झडून नव्या येतात, म्हणून चहाने भाजलेली जीभ आठवड्या-दोन आठवड्यांत परत ठीक होते. शाळेत शिकवलेला तो जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू वगैरे, तो डोक्यातून काढून टाका. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या कडेकडेने किंचित फरक मोजले होते, पुढे त्याचा चुकीचा अर्थ लावून तो नकाशा पुस्तकापुस्तकांत छापला गेला. स्वादकळ्या आहेत तिथे पाचही चवी कळतात.

उमामी जपानमध्ये १९०८ साली किकुनाए इकेदाने समुद्री शेवाळाच्या रश्शातून शोधली, ती ग्लुटामेट नावाच्या रसायनाची चव. १९१३ मध्ये त्याचा शिष्य कोदामा याला सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं, आणि ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटीने वाढते. आपल्याकडे सुका बांगडा कांदा-टोमॅटोत करतात त्यात नेमकं हेच घडतं, माशात इनोसिनेट आणि टोमॅटोत ग्लुटामेट. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा एका सुक्या बांगड्यावर अख्खं घर पोटभर जेवतं, ते उगाच नाही.

आता नाकाकडे. नाकपुड्यांतून बोट घालतो तिथे वास कळत नाही, वास कळतो अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला. तिथे काही चौरस सेंटीमीटरचा पिवळसर पापुद्रा आहे, त्यात लाखो चेतापेशी, त्यांची केसांसारखी टोकं चिकट पाण्यात बुडालेली. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे वासाचे कण पकडणारा रेणू असतो आणि माणसात असे जवळपास ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुकं शोधली आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. एक वास अनेक ग्राहकांना कमीजास्त चेतवतो, एक ग्राहक अनेक वासांना उत्तर देतो, आणि कोणकोण एकत्र जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो, म्हणून ४०० प्रकारांत सुरंगीचं फूल पण मावतं, पहिल्या पावसाची माती पण आणि अंगणात वाळत घातलेले बोंबील पण.

बोंबलावरून आठवलं, माशाचा वास हा ताज्या माशाचा वास नसतोच. समुद्री मासे खाऱ्या पाण्यात टिकायला अंगात ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड साठवतात, त्याला वास नाही. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाईन करतात आणि तो नाकात जाणारा वास सुरू होतो. मोरीत, म्हणजे छोट्या शार्क माशात, तर युरिया पण भरपूर असतो, त्याचा अमोनिया होतो, म्हणून शिळी मोरी डोळ्यात पाणी आणते. आता या ट्रायमिथिलअमाईनला आंबट काही भेटलं की त्याचं क्षार होतं आणि ते हवेत उडायचं थांबतं. कालवणात सोलं टाकायची, तळायच्या आधी माशाला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळायचं, ही आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने केलेली केमिस्ट्री आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं तितकं होत नाही.

आणि बांगड्याच्या तिखल्यात ठेचून टाकलेली तिरफळं? ती जी ओठ-जीभ झिणझिणवतात ती ना चव ना वास. चेहऱ्याला स्पर्श, वेदना, तापमान कळवणारी पाचवी कवटी-मज्जातंतू म्हणून एक वेगळीच नस आहे, तिचं ते काम. तिरफळाच्या झॅन्थोझायलम वंशातलीच चीनची सिचुआन मिरी, तिच्यावर लंडनमध्ये प्रयोग झाला होता, २०१३ मध्ये छापून आला, लोकांच्या ओठाला ती लावली तर त्यांना ओठ सेकंदाला साधारण ५० वेळा थरथरल्यासारखा जाणवला, प्रत्यक्षात ओठ हलत नव्हता. मिरचीचंही तसंच. तिच्यातलं कॅप्सेसिन नावाचं तिखट रसायन याच नसेतल्या ज्या दारावर जाऊन बसतं ते दार एरवी साधारण ४३ अंशांच्या वर तापल्यावर उघडतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं होतं. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने हे १९९७ मध्ये दाखवलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इथे लक्षात घ्या, नाक गेलं तरी ही पाचवी नस शाबूत राहते, मीठही जिभेला कळतं. त्यामुळे वास गेलेलं माणूस मिरची आणि मीठ वाढवत जातं, त्याला कळणारं तेवढंच उरलेलं असतं.

डोळेही या जेवणात बसलेले असतात. फ्रान्समध्ये वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, त्यांनी तिला लाल वाईनचेच वास लावले, हा अभ्यास २००१ चा. सोलकढी गुलाबी नसती तर ती तितकीच चांगली लागली असती का याची मला खरंच शंका आहे. आणि मासे घेताना तर आपण नाकाच्या आधी डोळाच वापरतो, कल्ले लाल हवेत, डोळा पारदर्शक हवा. पण हर्णैला किंवा मालवणला भल्या पहाटे अंधुक उजेडात कल्ले बघत असाल तर जरा थांबा. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी आहेत, रंग ओळखणारे शंकू साधारण ६० लाख आणि अंधारात काम करणारे दंड साधारण १२ कोटी. दंडांना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे उजेड कमी झाला की लाल वस्तू सगळ्यात आधी काळपट होते आणि निळंहिरवं त्यामानाने उजळ दिसतं, १९व्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हे नोंदवलं. म्हणजे त्या वेळी ताजे लाल कल्ले पण तपकिरी दिसू शकतात. बॅटरी मारून बघा.

आता मूळ मुद्दा. नाकातल्या चेतापेशी उघड्या हवेत असतात, मार खातात, आणि जन्मभर नव्या येत राहतात, ही मेंदूला थेट जोडलेल्या पेशींमध्ये दुर्मिळ गोष्ट आहे. पण वयाबरोबर ही दुरुस्ती मंदावते. १९८४ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या तपासणीत ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं घ्राण बरंच कमी झालेलं आढळलं, ८० च्या पुढे पाऊणाहून जास्त. कोविडमध्ये वास गेला तो बहुधा चेतापेशींच्या आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींना लागण झाल्यामुळे, म्हणून बहुतेकांचा परत आला. डोक्याला मार बसून पण वास जातो, कारण वासाचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात आणि जोराच्या झटक्याने तिथेच तुटतात, घाटात बाईक चालवणाऱ्या पोरांनी हेल्मेटसाठी हे पण कारण धरावं. पार्किन्सन्समध्ये तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी होऊ शकतो.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे. पोरं मुंबईला, घरात आजी-आजोबा दोघंच, कधी एकटंच कोणी. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि तोच वास ज्याला येत नाही असं माणूस त्या घरात एकटं चूल पेटवतं. शिळं कालवण आंबलंय हेही त्याला कळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा डोळे मिटायला सांगून कॉफी, लवंग, लिंबाची साल एकेक नाकाशी धरा आणि ओळखायला सांगा, ओळखता आलं नाही तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडे न्या आणि घरात गॅस डिटेक्टर बसवा.

उपाय म्हणून थॉमस हुमेल या जर्मन संशोधकाने २००९ मध्ये सुचवलेला नाकाचा व्यायाम आहे, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ एकेक शांतपणे हुंगायचा, निदान १२ आठवडे. निलगिरीचं तेल कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, लवंग-लिंबू घरात असतंच. सगळ्यांना फायदा होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांनाही तो सावकाश होतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात काही जाणवलं नाही म्हणून सोडू नका, आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवायला सांगा.