टायटॅनिकची ‘ए’ नौका आणि ‘बी’ नौका: कोण कुठे तरले?

टायटॅनिक बुडाल्यावर पाण्यातून वाचलेल्यांची ओळख पटवताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘कोलॅप्सिबल ए’ आणि ‘कोलॅप्सिबल बी’ या दोन नौकांचा. दोन्ही कॅनव्हासच्या घडीच्या भिंतींच्या होत्या, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी जहाज गडप होण्याच्या जरा आधी दोन्ही रीतसर न सुटता पाण्याबरोबर वाहून गेल्या, आणि दोन्हींवर चढलेल्या माणसांना पुढे दुसऱ्या नौकांत घेतले गेले.

फरक आहे तो पायाखालच्या जागेचा. ‘बी’ उपडी पडली होती. तिच्या तळावर तीसेक पुरुष दाटीवाटीने उभे होते आणि लाट आली की तोल राहावा म्हणून अधिकारी लायटोलर त्यांना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे झुकायला सांगत होते. ‘ए’ सुलटी होती, पण तिच्या भिंती उभारल्याच गेल्या नव्हत्या, त्यामुळे तिच्यातली माणसे तासन्‌तास बर्फगार पाण्यात गुडघ्यापर्यंत बुडून उभी राहिली. टेनिसपटू नॉरिस विल्यम्स त्यांच्यापैकीच एक; पाय कापावे लागतील असे सांगितले गेले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि १९१४ मध्ये ते अमेरिकेचे एकेरीतील विजेते झाले. आपले दोन मुलगे गमावलेल्या ऱ्होडा अॅबट या ‘ए’वरून वाचलेल्या एकट्या स्त्री. म्हणून एखाद्या आठवणीत उपडा तळ आणि तोल यांचा उल्लेख असेल तर ‘बी’चा, आणि गुडघाभर पाण्याचा असेल तर ‘ए’चा विचार आधी करावा.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ‘बी’वरची माणसे सकाळी ४ आणि १२ क्रमांकाच्या नौकांनी घेतली, ‘ए’वरची अधिकारी लो यांच्या १४ क्रमांकाच्या नौकेने; मात्र ४ आणि १४ या नौकांनी त्याआधी, अंधारातच, काहींना थेट पाण्यातूनही काढले होते. दिव्यांची व्यवस्था पाहणारे खलाशी सॅम्युएल हेमिंग असे पोहत जाऊन ४ मध्ये चढले. लो यांनी परत फिरून चौघांना उचलले, त्यांतला एक लवकरच दगावला, तर तरंगत्या लाकडावर सापडलेला एक चिनी प्रवासी वाचला. तेव्हा विल्यम्स यांच्या नावापुढे ‘१४ ने पाण्यातून काढले’ असे लिहिणे चूकच ठरते. माझ्या मते पाण्याबाहेर पहिला आधार कुठे मिळाला हे आधी नोंदवावे आणि शेवटची नौका मागाहून, कारण शेवटच्या नौकेची आठवण फार कच्ची असते. ‘बी’वरचा सतरा वर्षांचा जॅक थेअर १२ मध्ये चढला तेव्हा त्याची आई जवळच्याच ४ मध्ये बसलेली होती, त्याला ती दिसली नाही, तिलाही तो दिसला नाही, आणि दोघांची भेट झाली ती वाचलेल्यांना घ्यायला आलेल्या कार्पेथिया जहाजावर.