पाण्याचा दणका, विजेचा दणका

नदीकाठच्या उपसा सिंचन योजनेवर रात्री लाइट गेली, की पंपघरात दोन-चार सेकंद शांतता असते. मग पाइपात ‘धाडकन’ आवाज होतो. वर चढणारं पाणी दमतं, उलटं फिरतं आणि पाणी परत येऊ न देणाऱ्या एनआरव्हीच्या झडपेवर येऊन आदळतं. पोलादी पाइपातलं सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी क्षणात अडवलं, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलोनं वाढतो. हे गणित निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडलं. विमानाच्या पंखांचं गणित मांडणारे झुकोव्स्की ते हेच.

विजेचं वागणं तंतोतंत असंच. गुंडाळीतून वाहणाऱ्या प्रवाहालाही अचानक थांबवलेलं चालत नाही. समजा, १ हेन्रीच्या (हेन्री म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणाऱ्या विरोधाचं माप) कॉइलमधला जेमतेम ०.१ अँपिअर प्रवाह सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात तोडला, तर तिच्या टोकांवर १००० व्होल्ट उसळतात. हीच ती ‘स्पाइक’.

सॉफ्ट स्टार्टर मुळात दणके टाळण्यासाठीच बसवतात. मोटार थेट लाइनवर टाकली, तर सुरुवातीला नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज हळूहळू चढवतो, आणि बंद करतानाही हळूहळू उतरवून पाण्याचा दणका वाचवतो. (लाइटच गेली तर अर्थात तोही हतबल.) हे काम करतात थायरिस्टर: अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५७ साली जन्मलेला सिलिकॉनचा दरवाजा. प्रत्येक फेजला पाठीला पाठ लावून दोन, तीन फेजला सहा.

तांब्याची मोटार रांगडी असते, थोडंफार सोसते. सिलिकॉन सोसत नाही. ४१५ व्होल्टच्या लाइनची लाट शिखरावर ५८७ व्होल्टपर्यंत जाते, म्हणून १२०० व्होल्टचा थायरिस्टर दुप्पट ताकदीचा वाटतो. पण वळिवात जवळपास वीज पडली किंवा शेजारी मोठी कपॅसिटर बँक जोडली गेली, की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. थायरिस्टर फुटला, की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे दरवाजा कायमचा उघडा. गंमत अशी, की काही स्पाइक पॅनेलच्या आतच जन्मतात: कॉन्टॅक्टरची, म्हणजे विजेनं चालणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल सुटताना, आणि खुद्द थायरिस्टर मिटताना.

पहिला पहारेकरी म्हणजे एमओव्ही, झिंक ऑक्साइडची भाजलेली चकती. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाअखेरीस ती विकसित केली. तिच्यात असंख्य सूक्ष्म कण असतात आणि दोन कणांमधली प्रत्येक सीमा साधारण ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडवते. त्यापुढे सगळ्या सीमा एकदम वाट देतात. पाइपलाइनवरच्या रिलीफ व्हॉल्व्हसारखंच. फक्त हा व्हॉल्व्ह ‘किती व्होल्टला उघडतो’ हे नीट वाचावं लागतं. ४१५ च्या लाइनवर बसेल अशी ५१० व्होल्ट एसी रेटिंगची, २० मिलिमीटर व्यासाची चकती १०० अँपिअर वाहत असताना सुमारे १३५० व्होल्टवर दाब धरते. म्हणजे १२०० चा थायरिस्टर पहारा असूनही मरणार! इथे १६०० व्होल्टचाच हवा. दोन्ही आकडे एकत्र न बघता सुटे भाग बदलणाऱ्यांना हा हिशेब महागात पडतो.

दुसरी गंमत तारेची. मीटरभर तारेत साधारण १ मायक्रोहेन्री असतात. वीज पडल्यानंतरची लाट ८ मायक्रोसेकंदांत ५००० अँपिअरवर चढली, तर त्या मीटरभर तारेवरच सुमारे ६२५ व्होल्ट उभे राहतात आणि चकतीच्या व्होल्टेजमध्ये मिळतात. त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरच्या (एमओव्ही बसवलेल्या डबीच्या) तारा सुबक वळणं देत पॅनेलभर फिरवणारा कारागीर दिसला, की मला त्याचा हात धरावासा वाटतो. आखूड आणि सरळ, बस्स.

एमओव्ही स्पाइकची उंची छाटतो, चढाचा वेग कमी करत नाही. व्होल्टेज फार वेगानं चढलं, तर थायरिस्टरच्या आतल्या नैसर्गिक कपॅसिटन्समधून थोडा प्रवाह झिरपतो आणि कुणी न सांगता तो चालू होतो. यावर उपाय स्नबर: एक रेझिस्टर आणि त्याला जोडलेला मायक्रोफॅरडच्या काही दशांशांचा कपॅसिटर. कोयनेच्या बोगद्याच्या टोकाला सर्ज वेल, म्हणजे एक उभी विहीर, आहे. टर्बाइन अचानक मिटलं, की पाणी त्यात वर चढून शांत होतं. स्नबर ही थायरिस्टरची सर्ज वेल.

एमओव्ही अमर नसतो. प्रत्येक तडाख्यानं थोडा झिजतो, आणि व्होल्टेज तासन्‌तास चढलेलं राहिलं तर तापून जळतो. तो मायक्रोसेकंदांचा गडी आहे. म्हणून त्याच्यामागे फ्यूज हवा आणि पावसाळ्याआधी सर्ज प्रोटेक्टरच्या खिडकीतला रंग बघायला हवा.

राहिला कपॅसिटर. शेतीपंपाला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते ते) सुधारण्यासाठी तो सर्रास लावतात, मोटारीच्या टर्मिनलवरच. जुना स्टार्टर काढून सॉफ्ट स्टार्टर बसवताना तो तिथेच राहून जातो. रिकामा कपॅसिटर क्षणात एवढा करंट ओढतो, की थायरिस्टर त्यातच जातो; कितीही एमओव्ही लावा, उपयोग नाही. त्याची जागा सॉफ्ट स्टार्टरच्या अलीकडे, लाइनच्या बाजूला, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर. आणि तो जोडायचा मोटार पूर्ण वेगात आल्यावरच.