यूजनेटवर कोट किती करायचं: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

यूजनेट म्हणजे विषयवार गटांत पोस्टी टाकून गप्पा मारायचं जुनं नेटवर्क; ते कधी, कुठे सुरू झालं ते सोडून देऊ. ऐंशीच्या दशकात पोस्टी रात्री फोन लावून एका मशीनवरून दुसऱ्यावर ढकलल्या जायच्या, त्यामुळे कधी उत्तर आधी पोचायचं आणि मूळ पोस्ट नंतर, म्हणून समोरच्याचं वाक्य > लावून वर आणि खाली आपलं म्हणणं अशी पद्धत पडली, यालाच कोट करणं म्हणतात. पण कोट जास्त तर पोस्ट लांब, आणि फोनचं बिल कोणीतरी भरतच होतं ना. त्यात १९८४ च्या आरएन रीडरमधे (पोस्टी वाचायचा, उत्तर द्यायचा प्रोग्रॅम) स्मॉल एफ दाबला की नुसतं उत्तर, कॅपिटल एफ दाबला की मूळ पोस्ट अख्खी आत. मग लोक कॅपिटलच दाबणार!

यावर उपाय म्हणून आली ती वादग्रस्त अट. कोट केलेल्या ओळी नव्या ओळींपेक्षा जास्त झाल्या की आयन्यूज हा पोस्ट पुढे पाठवणारा प्रोग्रॅम ती घ्यायचाच नाही. कागदावर झकास. पण प्रोग्रॅम ओळी मोजतो, मुद्दा थोडीच बघतो? पाच ओळींच्या प्रश्नाला एका ओळीत चोख उत्तर दिलं तरी नापास. मग पब्लिकने पळवाटा काढल्या, खाली चार-सहा ओळी नुसता कचरा टाइप करायचा (त्याला ‘आयन्यूज फॉडर’, म्हणजे आयन्यूजचा चारा, असं नावच पडलं), नाहीतर > काढून कोलन किंवा उभी रेघ लावायची म्हणजे प्रोग्रॅमला ते कोट वाटतच नाही. म्हणजे कोट कमी झालं नाहीच, वर कचरा वाढला, आणि तीन-चार उत्तरांनंतर कोण काय बोललं याचा पत्ता लागेना. हेतू चांगला होता म्हणून या अटीची अजून बाजू घेणारे आहेत, पण माझ्या मते ती सपशेल फसली.

१९९५ ला आरएफसी १८५५ हे नेटवरच्या शिष्टाचाराचं पत्रक आलं, त्यात शिस्त नीट लिहिलीय, संदर्भापुरतंच कोट करा, पोस्टीखालची सही चार ओळींच्या वर नको. वाचलं किती जणांनी देव जाणे. दोनच वर्षांत मायक्रोसॉफ्टचं आउटलुक एक्सप्रेस आलं, मेल आणि यूजनेट दोन्हीसाठी, त्यात कर्सर कोटच्या वर, मग लोक तिथेच लिहायला लागले आणि खाली सगळी पोस्ट शेपटीसारखी लोंबत राहायची. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या यूजनेटवरच्या मराठी गटावर तर आधीच रोमन लिपीतलं मराठी, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, त्यात उलट क्रमाने वाचायचं म्हणजे कल्पना करा. आणि कहर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ‘बिगिन’ हा शब्द आणि पुढे दोन स्पेस आल्या की आउटलुक एक्सप्रेसला वाटायचं इथून अटॅचमेंट सुरू, पुढचा मजकूर गायब! त्यावर कंपनीचा सल्ला काय, तर तो शब्द तसा वापरू नका. सॉफ्टवेअर नाही सुधारायचं, लिहिणाऱ्याने सुधारायचं. कोटची मांडणी तरी नीट दिसावी म्हणून शेवटी बाहेरच्या माणसाने फुकट पॅच (दुरुस्ती करणारा छोटा प्रोग्रॅम) काढला, ओई-कोटफिक्स.

ती ओळी मोजायची अट आयएनएन या यूजनेट चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे पुढेही राहिली, फक्त डिफॉल्टला बंद.