बुश फिरत नाही, पिळला जातो

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो: "वीस वर्षांत फक्त 40 हजार किलोमीटर चाललीय, सस्पेन्शन नव्यासारखं आहे." पहिला भाग खरा असू शकतो. दुसरा बहुधा नसतो, आणि तरीही विकणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असतात. सांध्यांतलं रबर, म्हणजे बुश, कुणाला आठवतंय?

स्प्रिंगचं आधी उरकून घेऊ. "स्प्रिंग मऊ पडली" असं सर्रास म्हणतात, पण स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तो तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर, त्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या गुणधर्मावर. गंजून तार बारीक झाली नसेल, तर यातलं वयाने काही बदलत नाही. वर्षानुवर्षं वजनाखाली राहून स्प्रिंगची मूळ लांबी थोडी घटते आणि गाडी खाली बसते, इतकंच. शॉकअब्सॉर्बर मात्र खरोखर थकतो: तेल गळतं, वायूचा दाब उतरतो. बंपर दाबून "एकदाच उसळली, म्हणजे ठीक" ही परीक्षा करमणूक म्हणून बरी. शॉकअब्सॉर्बरचा विरोध पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो, आणि खड्ड्यात पिस्टनला मिळणारा वेग आपल्या हातांना जमण्यातला नाही. पार मेलेला असेल तरच तो या परीक्षेत सापडतो.

आता बुश. सस्पेन्शनचा प्रत्येक आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, बॉडीला जिथे जोडला जातो, तिथे लोखंडी नळीत नळी आणि मध्ये रबर अशी एक बोटभर लांबीची वस्तू असते. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली, आतली बोल्टने बॉडीला जखडलेली, आणि रबर दोन्हींना कायमचं चिकटवलेलं. म्हणजे हा बेअरिंग नव्हे. आर्म वरखाली होतो तेव्हा इथे काहीही घसरत नाही; रबर पिळलं जातं आणि पुन्हा सुटतं.

हे रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, आणि साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे पूल. ही युक्ती चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडली. अडचण अशी, की गंधकाने बांधल्यावरही साखळ्यांमध्ये पुष्कळ दुहेरी बंध उरतात, आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो. सैल रबरावर तो वरवरचा थर खराब करून थांबतो. ताणलेल्या रबरात मात्र तुटलेली जागा उघडते, आतला ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि चीर आत शिरते. ऑक्सिजन सावकाश वेगळंच काम करतो: कुठे साखळ्या तोडतो, कुठे नवे पूल बांधतो, आणि रबर कडक होत जातं. या सगळ्याला गाडी चालण्याची गरजच नाही. आच्छादनाखाली वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचेही बुश म्हातारे होतात.

मग बिघडतं काय? मागच्या आर्मचे दोन बुश एकमेकांपासून 250 मिलिमीटरवर आहेत असं धरा. ब्रेक लावताना त्यातला एक 1 मिलिमीटर जास्त सरकला, तर आर्म जवळजवळ पाव अंशाने वळतो. चाकाची दिशा तोच आर्म ठरवत असेल, तर चाकही तितकंच वळतं. अलाइनमेंट करताना, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, आपण ज्यासाठी भांडतो ते आकडे मुळात अंशाच्या दशांशातले असतात! वळणावर ब्रेक लावला की गाडीची शेपटी बिचकते ती यामुळे, आणि मालक नवे कडक शॉकअब्सॉर्बर विकत घेतो.

नवे बुश बसवताना होणारी चूक तर मला फार आवडते, कारण ती मी स्वतः केली आहे. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लोंबकळताहेत, बुश बसवले आणि तिथेच बोल्ट आवळून टाकले. आर्म 300 मिलिमीटर लांब, आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा 90 मिलिमीटर खाली असेल, तर आर्म सुमारे 17 अंश झुकलेला असतो. बोल्ट आवळला की आतली नळी त्याच कोनात जखडते. गाडी खाली उतरवली की बुश उभ्या गाडीतही 17 अंश पिळलेला! वरून 50 मिलिमीटरचा उंचवटा आला की 27 अंश. नीट बसवला असता तर त्याच उंचवट्याला जेमतेम 10 अंश पीळ पडला असता.

हा पीळ रबरात सारखा वाटला जात नाही. आतून बाहेरपर्यंत प्रत्येक थरातून तेवढाच पिळणारा जोर जातो, पण आतल्या थराचं क्षेत्रफळ कमी आणि केंद्रापासूनचं अंतरही कमी. त्यामुळे ताण त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. आतली त्रिज्या 12 आणि बाहेरची 20 मिलिमीटर असेल, तर आतल्या नळीलगतचा ताण बाहेरच्यापेक्षा 2.8 पट. बुश आतल्या नळीपासून सुटायला लागतो तो उगाच नाही.

या सगळ्यावर "आयुष्यभर टिकणारे" म्हणून लाल-पिवळे पॉलियुरेथेन बुश विकले जातात. त्यात बहुधा आतली नळी मोकळी फिरते, म्हणून पिळाचा प्रश्न नाही हे खरं. पण त्यांना ग्रीस लागतं, ते सुकलं की कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याची थरथर बॉडीत जास्त शिरते. शर्यतीसाठी ठीक. रंगाने मात्र गाडी वेगवान होत नाही.

माझ्या गाडीची उंची नव्या बुशांनंतर वाढल्यासारखी वाटत होती. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावला, तर कामाआधी लिहून ठेवलेल्या मापापेक्षा 9 मिलिमीटर जास्त. चारही चाकं रॅम्पवर टेकवून, गाडीचं वजन सस्पेन्शनवर ठेवूनच मी एकेक बोल्ट सैल केला. तिसऱ्या बोल्टला आतल्या नळीने "टक्" करून पीळ सोडला आणि पान्याला झटका बसला. सगळे सैल झाल्यावर गाडी दोनदा दाबून हलवली, पुन्हा माप घेतलं, ते जुन्या आकड्यावर आलं होतं. मग तशीच उभी ठेवून बोल्ट आवळले आणि अलाइनमेंट करून घेतली. ती आधीही करून घेतली होती; ते पैसे गेले.