आगीच्या दारातून शिरलेली कात्री

सांगलीतल्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या ऑपरेटर केबिनमध्ये मी एकदा डोकावलो होतो. भिंती जाडजूड, दार लोखंडी. पडद्याकडच्या भिंतीत प्रत्येक मशीनसाठी दोन चौकोनी भोकं, एक उजेडाला आणि एक ऑपरेटरच्या डोळ्याला. दोन्हींवर पत्र्याची झडप. रीळ पेटलं की ती खाली पाडायची, म्हणजे आग प्रेक्षकांपर्यंत जात नाही.

जुनी रीळं नायट्रोसेल्युलोजची असत. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूत वापरतात त्या गनकॉटनची ही चुलत बहीणच. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की ऑक्सिजन रेणूतच बांधला जातो. मग जळायला बाहेरची हवा लागत नाही. वाळू टाका, पाण्यात बुडवा, रीळ जळतच राहतं, वर धूरही विषारी. मशीनमधल्या कार्बनच्या दिव्याच्या प्रखर झोतापुढे फिल्म जरा अडकली की पेटलीच म्हणून समजा.

ब्रिटनचा 1909 चा सिनेमा कायदा या भीतीतूनच आला. पण थिएटरला परवाना द्यायचा अधिकार कौन्सिलांच्या हाती आला की अटीही सुचू लागतात. लंडनच्या काउंटी कौन्सिलने रविवारी खेळ बंद ठेवायची अट घातली. आता रविवारी फिल्म जास्त पेटते की काय? तरी 1911 मध्ये कोर्टाने ती अट उचलून धरली.

आपल्याकडे 1918 च्या कायद्याने दोन्ही गोष्टी एकाच गाठीत बांधल्या: जागा सुरक्षित हवी आणि चित्रपट तपासलेला हवा. 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. माझ्या मते खरी धास्ती आगीची नव्हतीच. वर्तमानपत्र वाचायला अक्षरं यावी लागतात, पडद्याला ती अडचण नाही. 1930 मध्ये प्रभातच्या शिवाजीराजांवरच्या मूकपटाचं नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होतं. ‘स्वराज्य’ शब्द सेन्सॉरला खुपला आणि चित्रपट ‘उदयकाल’ झाला.

गंमत अशी की हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखाली, आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. दोन्हीकडे रीळ मात्र सारखंच पेटायचं.

पुढे सहजी न पेटणारी ॲसिटेट फिल्म आली आणि कोडॅकने 1951 च्या सुमारास नायट्रेट फिल्म बनवणं थांबवलं. पुढच्याच वर्षी भारताने नवा सिनेमॅटोग्राफ कायदा केला. त्यात जागेचा परवाना आणि चित्रपटाचं प्रमाणपत्र, दोन्ही तसेच राहिले.