डोक्याला मार लागला, दवाखान्यात कधी न्यायचं?

पोर दिवाणावरून डोक्यावर पडलं की घरात दोन पक्ष पडतात. एक लगेच डॉक्टरकडे निघतो. दुसरा, आणि त्यात बहुधा आजी असते, कपाळावर स्टीलची वाटी दाबून सांगतो, "टेंगूळ बाहेर आलंय ना, मग आत काही नाही." गार वाटी दाबल्याने सूज थोडी आटोक्यात राहते, तेवढं खरं. पण टेंगूळ म्हणजे कवटीच्या वर, कातडीखाली साचलेलं रक्त. आत सगळं ठीक आहे याची हमी ते देत नाही. जखमेचंही तसंच. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं की छोट्याशा खोकेनेही शर्ट भिजतो, आणि दोन टाक्यांवर भागतं. उलट, साधा ओरखडाही नसलेल्या माणसाच्या कवटीत रक्तस्राव चालू असू शकतो, आणि तो तुमच्याशी गप्पा मारत असतो.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभे होते. फलंदाजाने मारलेला चेंडू थेट डोक्यावर बसला. ते उठले आणि चालत ड्रेसिंग रूममध्ये गेले. थोड्या वेळाने शुद्ध हरपली. शस्त्रक्रियाही झाली, पण ते वाचले नाहीत. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग करताना पडल्या. त्या हसत-बोलत होत्या, त्यामुळे आलेली पहिली रुग्णवाहिका परत गेली. पुढे डोकं दुखू लागलं, आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचल्याचं शवविच्छेदनात आढळलं.

मधला हा बरा वाटण्याचा काळ येतो कुठून? कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त साचायला लागतं, पण मेंदूभोवतालचं पाणी आणि शिरांमधलं रक्त थोडं बाजूला सरून जागा करून देतं, म्हणून माणूस ठणठणीत दिसतो. कवटी काही ताणली जात नाही. ती जागा संपली की दाब झपाट्याने वाढतो आणि मेंदूचा भाग खाली, श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या केंद्रांवर दाबला जातो. असा रक्तस्राव क्वचितच होतो, पण वेळेत रक्त काढलं तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून हा खटाटोप.

तेव्हा पडल्याबरोबर माणूस कसा आहे एवढ्यावर जाऊ नका, पुढचे चोवीस तास तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. डॉक्टरही तेच करतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या मापनात डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे किरकोळ मार. मात्र हे गुण पुन्हा पुन्हा मोजायचे असतात. १५ वरून घसरण सुरू झाली की डॉक्टर सावध होतात.

घरच्यांना गुण मोजायची गरज नाही. क्षणभर का होईना शुद्ध गेली, फिट आली, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढतच चालली, तोच तोच प्रश्न विचारला जातोय, बोलणं अडखळतंय, एका हातापायातला जोर गेलाय, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसतेय, तर लगेच मोठं रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ फिरवा. नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणं, किंवा मार दुसरीकडे असून कानामागे वा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं, ही कवटीच्या तळाशी तडा गेल्याची खूण असू शकते. दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी न्याच. आणि प्यायलेला असेल तर "दारूमुळे बरळतोय" असं गृहीत धरू नका. या एका समजुतीने फार घात होतो.

मार लागल्यावर झोपूच द्यायचं नाही, हा नियम मात्र पोराला उगाच छळतो. दोन-तीन तास नीट असेल तर झोपू द्यावं. डॉक्टर सांगतील तसं रात्री उठवून बघावं. नेहमीसारखं कुरकुरत जागं झालं, ओळखलं, की पुरे. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन सुरुवातीला टाळतात, कारण त्यांनी रक्त गोठायला अडथळा येतो.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या बाबतीत तर आजीचा नियम उलटाच लागतो. कपाळावरचं टेंगूळ सहसा निरुपद्रवी, पण डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, फुगलेलं टेंगूळ दिसलं तर आत हाडाला तडा असण्याची शंका घेतात. सगळ्यांचाच सीटी स्कॅन करत नाहीत, विशेषतः मुलांचा, कारण त्यात क्ष-किरणांचा मारा होतो. "थोडा वेळ इथेच थांबा, लक्ष ठेवू" असं डॉक्टर म्हणाले तर ती टाळाटाळ नव्हे.

स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर मानेवर बसल्यानंतर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ त्याच डावात पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लक्षणं दिसली आणि त्याच्या जागी लाबुशेन खेळला. शाळकरी खेळाडूनेही असा मार लागल्यावर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये.

सर्वांत जास्त चुकतं ते वयस्कर माणसांच्या बाबतीत. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही तुटतात. गळती इतकी संथ असते की लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. आजोबा पाय ओढत चालतात, शब्द चुकतात, दिवसभर पेंगतात. घरचे म्हणतात, वय झालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो, म्हणून पासष्टीपुढे किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डोकं आपटल्यावर काही होत नसलं तरी त्याच दिवशी दाखवावं. आठवड्यांनी साचलेलं हे रक्त कवटीला छोटं छिद्र पाडून काढता येतं, आणि बरेच जण त्यानंतर पुन्हा चालू-बोलू लागतात. पण महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये घसरले होते, हे डॉक्टरांना कोणीतरी आठवून सांगायला हवं. आजोबांना ते आठवतंच असं नाही.